उरलेल्या औषधाचा हिशेब



गेल्या अंकात आरोग्यविम्याच्या दाव्यांविषयी चार गोष्टी लिहिल्या होत्या. त्यावर मलकापूरच्या एका व्यापारी वाचकांचे सविस्तर पत्र आले. त्यांच्या सौभाग्यवतींची पित्ताशयाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आणि ती सुखरूप पार पडली. परंतु रुग्णालयाचे बिल हाती पडल्यावर त्यांनी ते, अडत्याची पट्टी तपासावी तसे, ओळीओळीने तपासले. हातमोज्यांच्या कितीतरी जोड्या, डझनाहून अधिक सिरिंजा, सलाईनच्या नळीला जोडावयाचे ‘थ्री-वे’ आणि भुलीच्या औषधाची अख्खी बाटली. ते विचारतात, ‘‘एका शस्त्रक्रियेत अख्खी बाटली संपली असेल काय? उरलेले औषध कोठे गेले? ते दुसऱ्या रुग्णाला वापरले असते, तर दोघांचेही पैसे वाचले नसते काय? आपण बँकेत होता, म्हणून आपणांस विचारतो.’’

प्रश्न रास्त आहे. बिलाचा तपशील मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि अवास्तव आकारणी होत असेल, तर ती निमूटपणे सोसण्याचे कारण नाही. उरलेल्या औषधाचा मुद्दा मात्र निराळा आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा काटकसरीचा संस्कार आपल्याला फसवतो. हे मी ठामपणे लिहू शकतो, कारण या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. आणि त्या फसण्याची किंमत कदाचित दुसऱ्याच कोणी मोजली आहे.

करोनाच्या आधीची गोष्ट. मला बँकेतून निवृत्त होऊन वर्षही झाले नव्हते. आपल्याच जिल्ह्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाने मला कोषाध्यक्ष केले. बँकेतल्या माणसाला हिशेब दिले की तो प्रथम खर्चाची बाजू पाहतो. मीही तेच केले. तेथे आठवड्यातून दोन दिवस एक तरुण भूलतज्ज्ञ येत असत. त्यांनी लेखी मागणी केली : भुलीचे पांढरे औषध मोठ्या बाटलीऐवजी लहान बाटल्यांत घ्यावे, म्हणजे प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र बाटली वापरता येईल, हात निर्जंतुक करण्याचे द्रावण केवळ दाराशी न ठेवता भुलीच्या यंत्राजवळही ठेवावे, आणि हातमोजे व स्पिरिटचे बोळे जास्त मिळावेत. मी मिलिलीटरमागे दर काढला. मोठी बाटली स्वस्त पडत होती. मागणीपत्रावर मी लाल शाईने शेरा मारला, ‘आवश्यकता दिसत नाही.’

ते मला भेटावयास आले. म्हणाले, ‘‘काका, त्या बाटलीत सुई दुसऱ्यांदा गेली, की तिच्याबरोबर आत काय गेले, ते मला सांगता येणार नाही.’’ मी त्यांना चहा पाजला आणि पुढच्या अंदाजपत्रकात विचार करू, असे सांगून वाटेला लावले. त्यानंतर काही महिन्यांनी बाजार समितीत हमाली करणाऱ्या एका गृहस्थाची पत्नी आमच्याकडे शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला, पुढे टाक्यांत पू झाला आणि चार-पाच दिवसांत घरी जाणारी ती बाई तीन आठवडे खाटेवर राहिली. नवऱ्याची तीन आठवड्यांची हमाली बुडाली. त्यामागे आमची बाटली होती, असे मी म्हणू शकत नाही. नव्हती, असेही म्हणू शकत नाही. त्या दिवसापासून मी या विषयाचे जमेल तसे वाचन करीत आलो आहे. मी डॉक्टर नाही. परंतु त्या वाचनातून जे उमगले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

शस्त्रक्रियागृहात जंतू येतात कोठून, असे विचारले तर आपण म्हणतो, हवेतून, सुरी-कात्रीतून किंवा शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या हातून. प्रत्यक्षात त्या बाजूचा बंदोबस्त कडक असतो. सर्जन कोपरापर्यंत हात धुतात, निर्जंतुक झगा व मोजे घालतात आणि त्यानंतर निर्जंतुक क्षेत्राबाहेरच्या कशालाही स्पर्श करीत नाहीत. चुकून झालाच, तर मोजे बदलतात. परंतु पडद्याच्या दुसऱ्या बाजूला, रुग्णाच्या डोक्याशी, भूलतज्ज्ञ उभे असतात. तेथली जागा स्वच्छ असते, पण निर्जंतुक नसते, कारण तेथले कामच तसे आहे.

पहिल्या पाव तासात ते काय काय करतात, ते पाहा. रक्तदाबाचा पट्टा बांधतात, शिरेत सुई घालतात, औषधे सिरिंजमध्ये भरतात व टोचतात, तोंडावर मास्क धरतात. रुग्णाचा श्वास औषधाने थांबला की त्याचे तोंड उघडून श्वासनलिकेत नळी बसवतात. या वेळी मोज्यांना लाळ लागते. लगोलग त्याच हाताने वायूची कळ फिरवावी लागते, यंत्राची झडप जुळवावी लागते, नळी पट्टीने चिकटवावी लागते, खण उघडून पुढचे औषध काढावे लागते आणि ते सलाईनच्या नळीतील थ्री-वेमधून द्यावे लागते. रुग्ण स्वतः श्वास घेत नसतो. येथे एकेका क्षणाला मोल आहे. तेव्हा मध्येच थांबून हात धुऊन येतो, असे म्हणण्याची सोय नसते. याला हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. कामाची रीतच अशी आहे, आणि नेमकी ती रीतच जंतूंच्या पथ्यावर पडते.

थ्री-वे म्हणजे प्लॅस्टिकची छोटी तोटी. तिच्या तोंडातून जे आत जाते ते थेट रक्तात पोहोचते. त्वचेची तटबंदी तेथे नाही. आपल्या सर्वांच्या अंगावर जिवाणू असतातच. जखमा चिघळवणारा ‘स्टॅफिलोकॉकस ऑरिअस’ हा जिवाणू दर तीन-चार निरोगी माणसांपैकी एकाच्या नाकात कोणताही त्रास न देता राहत असतो. तोच रक्तात किंवा उघड्या जखमेत गेला, तर अनर्थ करतो. शिवाय कोरड्या पृष्ठभागावर तो कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे तग धरतो. म्हणजे सकाळच्या रुग्णाचा जिवाणू यंत्राच्या कळीवर बसला, तर तो दुपारच्या रुग्णाची वाट पाहू शकतो.

बँकेत काम केलेल्यांना हे एका अनुभवावरून चटकन पटेल. आमच्या उमेदीच्या काळात काउंटरवर शिक्क्यासाठी जांभळ्या शाईची गादी असे. रोखपाल दिवसभर व्हाउचरवर शिक्के मारी. संध्याकाळी पाहावे, तर ती शाई त्याच्या बोटांवर असेच. पण खणाच्या मुठीवर, तिजोरीच्या किल्लीवर, चहाच्या कपाच्या कानावर आणि त्याच्या स्वतःच्या कानाच्या पाळीवरही असे. त्याने मुद्दाम कोठेही शाई लावलेली नसे. जांभळी शाई दिसते म्हणून आपण हसतो. जिवाणू दिसत नाहीत, एवढाच फरक.

अमेरिकेतील मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळजवळ हाच प्रयोग करून पाहिला. त्यांनी पुतळ्याच्या ओठांना व तोंडात असा रंग लावला, की जो नेहमीच्या उजेडात दिसू नये व अतिनील प्रकाशात चमकावा. मग शिकाऊ भूलतज्ज्ञांना त्या पुतळ्याला नळी बसवण्यास व पुढील सर्व कामे नेहमीप्रमाणे करण्यास सांगितले. दिवा लावल्यावर रंग यंत्राच्या कळांवर, गाडीवर आणि सलाईनच्या जोडावरही चमकू लागला. दुसऱ्या गटाला मोज्यांच्या दोन जोड्या घालण्यास सांगितले होते. नळी बसवताच त्यांनी वरची जोडी काढून टाकली. तेथे रंगाचा प्रसार पुष्कळच कमी झाला. हा अभ्यास २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. पत्रलेखक महोदय, आपल्या बिलातील हातमोज्यांच्या जास्तीच्या जोडीमागे हे कारण असू शकते.

खऱ्या शस्त्रक्रियांतील पुरावा त्याआधीच पुढे आला होता. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ येथील रुग्णालयात डॉ. रँडी लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१ शस्त्रक्रियांचा अभ्यास केला व तो २००८ साली प्रसिद्ध केला. यंत्राच्या कळा आधी स्वच्छ केल्या, सुरुवातीला आणि शेवटी त्यांचे नमुने घेतले आणि नव्या, निर्जंतुक थ्री-वेच्या आतील भागाचेही नमुने तपासले. शस्त्रक्रियेच्या अवधीत कळांवरील जिवाणू वाढलेले आढळले आणि सुमारे ३२ टक्के शस्त्रक्रियांत जिवाणू थ्री-वेच्या आत पोहोचलेले आढळले. पाकिटातून नुकतीच काढलेली वस्तू काही तासांत दर तिघांपैकी एका रुग्णाच्या बाबतीत दूषित होत होती, आणि तीही एका नामांकित रुग्णालयात!

मग हात वारंवार का स्वच्छ करीत नाहीत, असे आपण विचाराल. येथे साधा गुणाकार करून पाहू. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत भूल देणाऱ्यांनी हात स्वच्छ करावयास हवेत असे प्रसंग मोजले, तेव्हा ते तासाला ३४ ते ४१ भरले. आणि त्यांपैकी बहुतांश प्रसंगी हात स्वच्छ केले गेले नव्हते. द्रावण हातांवर नीट चोळावयास २० ते ३० सेकंद लागतात. तासाला ४० वेळा अर्धा मिनिट धरले, तर २० मिनिटे झाली. तासातील एक तृतीयांश वेळ हात चोळण्यात गेला, तर रुग्णाकडे लक्ष कोणी द्यावयाचे? आणि द्रावण जर दाराशी असेल, तर जाण्यायेण्याचा वेळ वेगळाच. म्हणूनच त्या तरुण डॉक्टरांनी ते यंत्राजवळ मागितले होते. हाताशी असलेली वस्तू माणूस वापरतो. दहा पावलांवरची विसरतो. दुकानात गल्ला कोठे ठेवावा, हे ज्यांना कळते, त्यांना हे निराळे सांगावयास नको. मला ते त्या वेळी कळले नाही.

आता बाटलीविषयी. मी ज्याला ‘पांढरे औषध’ म्हणतो, त्याचे नाव प्रोपोफॉल. ते दुधासारखे दिसते, कारण औषध पाण्यात विरघळत नसल्याने ते सोयाबीन तेलाच्या सूक्ष्म थेंबांत मिसळलेले असते. सोयाबीन आपल्या जिल्ह्याचे मुख्य पीक. तेव्हा तेल आणि त्याचे पोषण म्हणजे काय, हे आपण जाणतोच. जिवाणूंनाही ते पोषक ठरते. उघडलेल्या बाटलीत दोन-चार जिवाणू शिरले, तर खोलीच्या उबेत काही तासांत त्यांची संख्या भराभर वाढते. १९९० ते १९९३ या काळात अमेरिकेतील सात रुग्णालयांत शस्त्रक्रियांनंतर अनेक रुग्णांना जंतुसंसर्ग झाला. तेथील सरकारी रोगनियंत्रण केंद्राने तपास केला, तेव्हा ६२ रुग्णांचा धागा या औषधाच्या हाताळणीशी जुळला : बाटल्या व सिरिंजा आधीच भरून ठेवणे, एकीतील औषध अनेकांना देणे, झाकण निर्जंतुक न करणे. औषध कारखान्यातून शुद्धच आले होते. ते बिघडले हाताळणीत. हा वृत्तान्त १९९५ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या घरांत पाणी उकळून, गाळून ठेवतात. त्या हंड्यात उष्टे भांडे बुडवू नये, हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. एकदा उष्टे भांडे बुडले, की हंड्यातले सगळेच पाणी ओतून द्यावयाचे. ‘वरचे तेवढे चांगले आहे’ असे कोणी म्हणत नाही. मोठ्या बाटलीत पुन्हा पुन्हा जाणारी सुई म्हणजे ते उष्टे भांडेच होय. घरी जो नियम मी जन्मभर पाळला, तो रुग्णालयाच्या हिशेबाच्या वहीसमोर बसल्यावर विसरलो.

एका बाटलीने किती अनर्थ होतो, याचे एक जुने उदाहरण आपल्या मुंबईशी निगडित आहे. ते भुलीचे नसून लसीचे आहे, परंतु धडा तोच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढे त्याची झळ आपल्या वऱ्हाडालाही लागली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या लशीच्या बाटल्या देशभर जात असत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही.

चौकशी समितीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे साक्षीपुराव्यांतून निराळे चित्र पुढे आले. बाटलीचे बूच काढताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. १९२५ साली त्याच प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तीच आजची हाफकिन संस्था. पडलेला चिमटा उचलून पुन्हा वापरण्यास क्षणभरही लागला नसेल. परंतु त्याने १९ जीव गेले, आणि दोष कोणाचा हे ठरण्यास जवळजवळ पाच वर्षे लागली. जंतुसंसर्गाचे असेच असते. घटना घडते एका क्षणी, परिणाम दिसतो काही दिवसांनी, आणि तोवर त्या क्षणाची नोंद कोणाच्याच वहीत नसते.

म्हणून उपाय माणसाला दोष देण्यात नसून कामाची पद्धत बदलण्यात आहे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात व त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. अधिकारी अप्रामाणिक आहेत म्हणून नव्हे. प्रामाणिक माणूसही थकतो, विसरतो, घाईत असतो, म्हणून. शस्त्रक्रियागृहातही आता हाच विचार रुजतो आहे आणि त्यात एका वैदर्भीय घराण्याचा वाटा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावचे डॉ. आत्माराम गावंडे अमेरिकेत सर्जन झाले. त्यांचे चिरंजीव डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची तपासणी-सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी ती मोठ्याने वाचावयाची. चिरा देण्यापूर्वी ६० मिनिटांच्या आत प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले काय, हा त्यातील एक प्रश्न; आणि हे इंजेक्शन बहुधा भूलतज्ज्ञच देतात. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. त्यासाठी लागला एक कागद आणि काही मिनिटांचा वेळ.

भुलीच्या जागेसाठीही तज्ज्ञांनी नियम घालून दिले आहेत. अमेरिकेतील रुग्णालय-संसर्गतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेचा सारांश असा : द्रावण दाराशी आणि भूलतज्ज्ञाच्या हाताशीही असावे, नळी बसवताना दुहेरी मोजे घालून वरचे लगेच काढावेत, बाटलीचे रबरी झाकण व सलाईनचा जोड प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसावा, शक्यतो एका रुग्णाला एकच बाटली वापरावी, सिरिंज दुसऱ्या रुग्णासाठी कदापि वापरू नये, आणि दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये यंत्राच्या कळा, गाडी व वारंवार स्पर्श होणाऱ्या जागा पुसाव्यात. डॉ. लॉफ्टस यांच्या चमूने आयोवा विद्यापीठात २३६ रुग्णांवर अशाच उपायांची एकत्रित चाचणी घेतली. त्यात नाकातील जिवाणूंचा बंदोबस्त आणि साफसफाईची नियमित तपासणीही होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्टॅफिलोकॉकसचा प्रसार व जखमेचा संसर्ग दोन्ही घटले. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या ‘कायाकल्प’ योजनेत सरकारी रुग्णालयांचे गुणांकन होते, त्यातही संसर्ग-नियंत्रणाला गुण आहेत.

आता आपण काय करावे? प्रथम रुग्णाचे कुटुंबीय म्हणून. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ तपासावयास येतात, तेव्हा त्यांना मधुमेह, अंगावरचे गळू, सर्दी-ताप, पूर्वीची शस्त्रक्रिया हे सारे न लपवता सांगावे. रक्तातील साखर आटोक्यात आणावी, कारण वाढलेल्या साखरेत जखम लवकर चिघळते. शस्त्रक्रियेच्या जागेवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. त्वचेवर पडणाऱ्या सूक्ष्म जखमांतून जंतू शिरतात. ‘‘डॉक्टरसाहेब, आपल्याकडे प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र बाटली आणि नवी सिरिंज वापरतात ना?’’ असे नम्रपणे विचारण्यास संकोच करू नये. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. शस्त्रक्रियेनंतर भेटीस जाणाऱ्यांनी खाटेवर बसू नये, सलाईनच्या नळीला हात लावू नये आणि आत जाताना व बाहेर पडताना हात निर्जंतुक करावेत. आपल्या समाजात भेटीला जाण्याची प्रेमळ रीत आहे. दहा जणांनी पहिल्याच दिवशी जाण्याऐवजी रुग्ण घरी आल्यावर जाणे अधिक हिताचे.

दुसरे, विश्वस्त आणि देणगीदार म्हणून. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे रुग्णालयांना, नेत्रशिबिरांना मोठ्या मनाने देणग्या देतात. खोलीसाठी, यंत्रासाठी, रुग्णवाहिकेसाठी देणगी दिली की संगमरवरी पाटी लागते. हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणासाठी दिलेल्या देणगीची पाटी लागत नाही. तरी माझी विनंती आहे, की यंदा कोणाच्या स्मरणार्थ काही देण्याचे योजिले असेल, तर ज्या रुग्णालयावर आपला विश्वास आहे, तेथे जाऊन भूलतज्ज्ञांना व परिचारिकांना विचारा, ‘‘तुमची कोणती लहानशी मागणी आजवर नामंजूर झाली?’’ त्या उत्तरात आपल्या देणगीचा विनियोग सापडेल. आणि आपण स्वतः विश्वस्त असाल, तर खर्च कमी करण्याच्या जागा अनेक आहेत : जाहिरात, सत्कार, शाली, पत्रिका. सिरिंज, मोजे आणि औषधाची बाटली ही ती जागा नव्हे.

त्या तरुण डॉक्टरांची मागणी पुढच्या अंदाजपत्रकात मी मंजूर केली. खर्च वाढला, तो आम्ही वार्षिक समारंभाच्या जेवणावळीतून काढला. कोणाची तक्रार आली नाही. मंजुरीचा कागद दाखवला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘बरं झालं, काका.’’ त्यांनी मला पहिल्या नकाराची आठवण करून दिली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मलकापूरच्या वाचकांना माझे उत्तर असे आहे. आपल्या सौभाग्यवतींच्या बिलात जी अख्खी बाटली लागली, तिच्यातील उरलेले औषध कचऱ्यात गेले असेल, तर ते योग्य ठिकाणी गेले. तेच औषध त्यांच्या आधीच्या रुग्णाचे उरलेले असते, तर आपले काही पैसे वाचले असते. परंतु त्याबरोबर काय आले असते, ते कोणत्याही बिलात लिहून आले नसते.

बँकेत ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही, ती उचंत खात्यात टाकतात आणि शोध लागेपर्यंत तेथेच ठेवतात. वर्षअखेरीस उचंत खाते निरंक असावे, असा दंडक असतो आणि माझ्या शाखेचे ते नेहमी निरंक असे. त्या हमालाच्या पत्नीचे तीन आठवडे मात्र मला कोणत्याच खात्यात वर्ग करता आलेले नाहीत. मागणीपत्रावरचा तो लाल शेरा ज्यांच्या हाती आज असेल, त्यांनी तो लिहिण्यापूर्वी एकदा शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी उभे राहून दहा पावले मोजावीत, एवढेच सांगून रजा घेतो.